भुरका आणि सूर

शिवणकाम सोडल्यावर मावशीने माउथ ऑर्गन हातात घेतला. सूर वाजायचे, पण वाजता वाजता खाली वाकायला एकही तयार नव्हता. श्वास आत ओढताना जीभ मागे न्यायची, हे तिला तोंडपाठ होतं. जीभच ऐकत नव्हती.

शेजारी काका चहाचे भुरके मारत होते. त्यावरून ती लग्नापासून त्यांना टोकत आली होती.

"अहो, जरा हळू प्या," ती वैतागून म्हणाली आणि एकदम थांबली. "पुन्हा मारा बघू भुरका."

काकांनी भीतभीतच मारला. मावशीने अगदी तसाच श्वास माउथ ऑर्गनमधून ओढला. सूर लाडात आल्यासारखा अलगद खाली झुकला.

"आणखी कपभर टाकते," ती हसत म्हणाली, "पण भुरका मोठ्याने हवा."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून वरच्या मजल्यावरच्यांना खिडक्या लावून घ्यायला लावल्या.