पाऊण मिलिमीटरचा पत्रा

मी एक जुने लोखंडी कपाट आहे, आणि कपाटे बोलत नाहीत. मित्रांनो, यातले पहिले म्हणणे माझे, दुसरे भूमिकाचे. भूमिका अकरा वर्षांची आहे आणि ती सहसा चुकत नाही. तरीही आज मला थोडे बोलू द्या. माझ्या जन्माची जी हकिकत मी सदतीस वर्षे छाती फुगवून मिरवली, ती या मुलीने एका रविवारी खोटी ठरवली. मला तिचा रागही आला होता. पुढे काय झाले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

भिलाईच्या रुआबांधा वस्तीत एक बुद्धविहार आहे. त्याच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे, आणि वाचनालय म्हणजे मीच. दुर्गच्या जुन्या बाजारामागे बाबुलाल मिस्त्री नावाचा कारागीर होता. त्याने १९८८ साली मला ठोकून, जोडून, हिरवा रंग देऊन उभे केले. ठेल्यावर उताणे पडून, आभाळाकडे तोंड करून मी भिलाईत आले. सोबत रामाजी चालत होते, एक हात माझ्या दारावर ठेवून. रामाजी, वस्तीतल्या मुलांचे आबाजी, मूळचे भंडाऱ्याकडचे, इथल्या पोलाद कारखान्यात रेल मिलमध्ये कामाला. विदर्भातून आलेल्या लोकांची मुले मराठी वाचायला विसरतील, ही त्यांची काळजी होती. म्हणून ते घरोघर फिरून पुस्तके मागून आणत.

माझे वरचे दोन कप्पे गोष्टींचे आणि कादंबऱ्यांचे. खालचे दोन माहितीचे. त्यात नकाशे, शरीरशास्त्र, विजेची दुरुस्ती आणि निवृत्त झालेल्या लोकांनी आणून दिलेली कारखान्यातली जाडजूड माहितीपुस्तके. नवा माणूस आला की रामाजी माझ्या दारावर थाप मारून म्हणत, "हे आपल्या भिलाईचं लोखंड हाय. आपल्याच मिलचं. आपल्या घामाचं!" ऐकणारा खूश होई आणि एखादे पुस्तक नक्की नेई. सगळ्यांत खूश मी होत असे. बाकीची कपाटे दुकानातून येतात, मी मात्र या लोकांच्या घामातून आले, असे मला वाटे.

मग दिवस पालटले. मुले हिंदीत बोलू लागली, घरोघर टीव्ही आला, पाठोपाठ मोबाइल आला. माझ्या तिसऱ्या कप्प्यात पुस्तकांच्या पुढे जयंतीच्या पताका आणि माइकची वायर कोंबली गेली. बिजागऱ्या करकरू लागल्या. भंगारवाल्याला देऊन टाका, असेही कोणीतरी बोलून गेले, अगदी माझ्यादेखत. रामाजींनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

त्या पडत्या काळात मला दोनच वाचक उरले.

पहिला चंपत, रामाजींचा मुलगा. वय पन्नाशीचे, काम रोपवाटिकेत पाणी घालण्याचे. तो रोज पाच वाजता येतो, माझ्या डाव्या अंगाला पाठ टेकून बसतो आणि बहुतेक वेळा एकच कादंबरी वाचतो. एका बोटीवरच्या माणसांची ती जाड कादंबरी आहे. चंपतने समुद्र कधी पाहिलेला नाही. माझे दार करकरले की तो दोन्ही हात कानांवर घट्ट दाबतो, म्हणून खिशात तेलाची बाटली ठेवतो. लहानपणी त्याला कोणी डॉक्टरकडे नेले नाही. वस्ती त्याला आपल्याच तालातला माणूस म्हणते.

दुसरी भूमिका. तिची आई सुनिता तिला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा भूमिका सरळ जमिनीवर बसली आणि खालच्या कप्प्यात डोके घालून तासभर बाहेर आलीच नाही. रायपूरच्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम आहे असे सांगितले होते. त्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, हे कळल्यावर सुनिता चिडली होती. "माही पोरगी सोतामंदी कुठं मग्न हाय? ते तर प्लेट मिलमंदी मग्न हाय!" तिचे म्हणणे खरे होते. भूमिकाचे वडील प्लेट मिलमध्ये क्रेन चालवतात, आणि कारखान्याच्या कोणत्या मिलमध्ये काय तयार होते, हे भूमिकाला वडिलांपेक्षा जास्त पाठ आहे. वरच्या कप्प्याकडे मात्र तिने ढुंकून पाहिले नाही. गोष्टीचे पुस्तक हातात दिले की ती विचारी, "हे झालं होतं?" नाही म्हटले की पुस्तक परत.

संकट शाळेतून आले. सहावीच्या हिंदीत दहा गुणांचा प्रकल्प होता, एखाद्या जुन्या वस्तूची आत्मकथा. भूमिकाने कोरा कागद दिला. हिंदीच्या रेणू मॅडमनी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "चीज़ें बोलती नहीं। ये झूठ है।" मुख्याध्यापिकांनी सुनिताला बोलावून घेतले. अशा मुलांना गोष्टी कळत नाहीत, कल्पना जमत नाही, तुम्ही पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा, असे त्यांनी सांगितले. रेणू मॅडम मध्ये पडल्या आणि त्यांनी आठ दिवसांची मुदत मिळवली. वस्तू कोणतीही चालेल, पण येत्या सोमवारी आत्मकथा हवी. ही शाळा चौथी होती, मित्रांनो. आधीच्या तिन्ही शाळांनी असेच हात वर केले होते.

रविवारी सुनिता वही घेऊन माझ्यापुढे बसली. तिने पदर खोचला आणि स्वतःच लिहायला घेतले. मी एक जुने कपाट आहे, माझा जन्म भिलाईच्या पोलादातून झाला. रामाजी खुर्चीवरून कौतुकाने ऐकत होते. मी तर हरखूनच गेले होते. इतक्या वर्षांनी माझे चरित्र कोणीतरी लिहीत होते.

"घे, आता आपल्या अक्षरात उतरव," सुनिता म्हणाली.

भूमिकाने पहिले वाक्य उतरवले. दुसऱ्यावर पेन थांबले. "कोणत्या मिलचं लोखंड?"

"माह्या मिलचं व, पोरी. रेल मिल!" रामाजी म्हणाले.

"रेल मिलमध्ये रूळ बनतात. पत्रा नाही बनत."

"मंग प्लेट मिलचं असन," सुनिताने सारवासारव केली. "तू लिही न बाई."

भूमिका उठली आणि घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात वडिलांचा स्क्रूगेज होता, जाडी मोजण्याचे ते छोटे यंत्र. दाराच्या कडेला जिथे माझा रंग उडाला आहे तिथे तिने तो लावला, तीनदा मोजले आणि सांगितले, "पाऊण मिलिमीटर. प्लेट मिलमध्ये पाच मिलिमीटरपेक्षा पातळ प्लेट निघतच नाही. हे कपाट भिलाईचं नाही. पत्रा बाहेरून आला. आबाजी खोटं सांगतात."

रामाजींनी माझी किल्ली नेहमीच्या जागी बसलेल्या चंपतच्या हातात दिली आणि काठी टेकत निघून गेले. सुनिता मुलीवर ओरडली, "आबाजीचं मन दुखवलं न तू! कावून बोललीस तसं?" भूमिका गोंधळून म्हणाली, "पण मम्मी, पत्रा तर पाऊण मिलिमीटरच आहे."

मला फार वाईट वाटले. माझी सगळी ऐट एका स्क्रूगेजने उतरवली होती. माझ्या अंगावर कोणाचा घाम नव्हता, मी कुठल्याशा गावच्या पत्र्याचे एक साधे कपाट होते. सोमवार आला. मॅडमनी आणखी एक आठवडा मागून घेतला आणि हा शेवटचा, असेही सांगितले. रामाजी सोमवारी फिरकले नाहीत, मंगळवारी नाहीत, बुधवारीही नाहीत.

गुरुवारी पाच वाजता चंपत माझ्या डाव्या अंगाला बसला होता आणि भूमिका उजव्या. ती दोघे एकमेकांकडे बघत नाहीत, आणि त्याचे दोघांनाही काही वाटत नाही. भूमिकाने समोरच्या भिंतीला विचारावे तसे विचारले, "काका, ही बोट खरी नाही. मग तुम्ही परत परत कावून वाचता?"

चंपतने पानात बोट घालून पुस्तक मिटले. "बाहेर लोकं मनातलं सांगत नाही," तो म्हणाला. "हसते, पण आतून रागात असते. मले समजत नाही. पुस्तकात लिहून राहते. कप्तान हसला, पण त्याले भेव वाटलं. असं सरळ लिहून राहते. मंग समजते."

"पण ते झालं नाही."

"नाही झालं."

भूमिकाचे समाधान झाले. लपवाछपवी नसली की तिची कशाला हरकत नसते. मग चंपत म्हणाला, "बाबाचंही तसंच. कपाटाचं झालं नाही ते. बाबाले वाटलं ते."

"मग तसं लिहायला पाहिजे. वाटलं म्हणून."

असे म्हणून तिने वही उघडली. तेव्हापासून रविवारपर्यंत या मुलीने मला काय पिडले म्हणून सांगू! उंची, रुंदी, कप्प्यांची लांबी मोजली. रंग खरवडून खाली किती थर आहेत ते पाहिले. हिरवा, त्याखाली पुन्हा हिरवा, त्याखाली तांबडा. बाबुलाल मिस्त्रीने आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेले आपले नाव शोधले. ते नाव मीही विसरले होते. शनिवारी तर ती पालथी पडून टॉर्च घेऊन माझ्या खाली हात घालून बघू लागली.

इथे एक सांगायला हवे. आल्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात खोलीत पाणी शिरून माझा तळ गंजू लागला होता. तेव्हा रामाजींनी भंगारवाल्याकडून हातभर लांबीचे रुळाचे दोन तुकडे आणले आणि मला त्यांवर उभे केले. त्यावर रंगाचे इतके हात बसले होते की ते रूळ आहेत, हेच सगळे विसरले. मी पण.

भूमिकाने बोटे फिरवली. एका तुकड्याच्या अंगावर रंगाखाली उठावाची अक्षरे होती. "काका, तेल द्या. आणि चाकू." रंग निघाला. कारखान्याच्या नावाची शेवटची अक्षरे, पुढे रोमन आठ, म्हणजे आठवा महिना, आणि त्यापुढे १९८७.

ती धावतच रामाजींच्या घरी गेली आणि हात धरून त्यांना घेऊन आली. एरवी ती कोणाचा हात धरत नाही. रामाजी दारात आले तेव्हा सुनिता ओशाळून उभी राहिली. ते तिला म्हणाले, "अव, पोरीनं काही वावगं नाही केलं. अडतीस वर्षं रेल मिलमंदी काढली मी. पत्रा कुठून येते, मले समजत नाही काय? लोकायले आपलं वाटावं, पुस्तक न्यावं, म्हणून सांगत होतो. मंग सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं."

"आबाजी," भूमिका मध्येच म्हणाली, "ऑगस्ट १९८७ मध्ये तुमची ड्यूटी कुठे होती?"

"रेल मिल. आणखी कुठं?"

"मग हा रूळ तुमच्या मिलचा आहे. तुम्ही तेव्हा तिथे होता. हे खरं आहे. मी बघितलं."

रामाजी खाली वाकले. ऐंशी वर्षांचा तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या डोळ्यांतही आले असते, पण कपाटाला डोळे नसतात आणि खोटे सांगायची आता मला सोय उरलेली नाही.

सोमवारी निबंध शाळेत गेला. त्याच संध्याकाळी रेणू मॅडम तो हातात घेऊन विहारात आल्या, कारण निबंधाच्या खाली भूमिकाने टीप लिहिली होती, "मोजमापे तपासून घ्यावीत." मॅडमनी खरोखर टेप लावला. एकही आकडा चुकला नाही. मग त्यांनी निबंध मोठ्याने वाचला. तो हिंदीत होता, उंची-रुंदीचे आकडे सोडून मी मराठीत सांगते.

"हे कपाट पाऊण मिलिमीटर पत्र्याचे आहे. पत्रा भिलाईचा नाही. रामाजी सांगतात की तो भिलाईचा आहे. ते तसे सांगतात, ही गोष्ट खरी आहे. त्यांना लोकांनी पुस्तके न्यावीत असे वाटत होते. कपाट ज्या रुळावर उभे आहे तो भिलाईचा आहे. तो बनला तेव्हा रामाजी त्या मिलमध्ये होते. कपाट उजवीकडे दोन सेंटिमीटर झुकले आहे, कारण चंपतकाका रोज डावीकडे टेकतात. कपाट बोलत नाही. म्हणून मी लिहिले."

मॅडमनी शेवटचे वाक्य दुसऱ्यांदा वाचले. मग त्या म्हणाल्या, "आठ दूँगी, बेटा. दो काटने पड़ेंगे। आत्मकथा में 'मैं' होना चाहिए था।"

"सही है," भूमिका म्हणाली. "'मैं' नहीं था।"

"और स्कूल?" सुनिताने घाबरत विचारले.

"वो मुझ पर छोड़िए। जिसने ये लिखा है, उसे कहानी नहीं समझती, ये मेरे सामने कोई बोलकर दिखाए।" मॅडमचा आवाज चढला होता. जून उजाडला तेव्हा भूमिका त्याच शाळेत सातवीत बसली.

मित्रांनो, तुमच्या घरी, वर्गात, शेजारी असा कोणी असेल. कोणाला वरचा कप्पा लागतो, कोणाला खालचा, आणि दोघांना एकच नाव देऊन कोणी म्हणेल की यांना अमुक कळत नाही. तुम्ही तेवढे दार उघडे ठेवा. पुस्तकांपुढच्या पताका बाजूला करा आणि बिजागरीत थोडे तेल घाला. त्याहून जास्त काही मागत नाही.

मी भिलाईच्या लोखंडाचे नाही. मी त्याच्यावर उभे आहे. कोणीतरी जमिनीवर पालथे पडून पाहिले म्हणून मला हे कळले. बाकी कपाटे बोलत नाहीत, असे तिने लिहून ठेवले आहे. तिचे चुकू नये, म्हणून मी आता गप्प बसते.