अडीच विसा

डोरोथेआबाईंनी पानावर बोट टेकवलं आणि ते तिथून हलवलंच नाही.

"इथं सावकाश वाचायचं," त्या म्हणाल्या. "शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

पाद्री लाउरिट्सनी चष्मा कपाळावर सरकवला. पलीकडच्या खोलीत जनरल आयलर टोर्नस्कोव शवपेटीत होते आणि उद्या त्यांना चर्चमध्ये पुरायचं होतं. पुरण्याआधी मेलेल्याची जन्मकथा व्यासपीठावरून वाचायची, ही रीत. शहाणी माणसं ती जिवंतपणीच लिहून ठेवतात, कारण पाद्र्यावर सोडली तर तो सगळ्यांनाच संत करून टाकतो. जनरलनी आपली जन्मकथा चार पानांत उरकली होती, तीही जर्मनमध्ये. बायको डोरोथेआबाई जर्मन बोलणाऱ्या होल्स्टाइनच्या, आणि डॅनिश फौजेचे हुकूमसुद्धा जर्मनमध्येच सुटत. गावासाठी तिचं डॅनिश करायचं काम लाउरिट्सकडे आलं होतं.

चार पानांत चाळीस वर्षं मावली होती. सोळाव्या वर्षी जटलंडमधलं बापाचं गळकं घर सोडलं, ते डच झेंड्याखाली लढले, मग जर्मन बादशहाच्या बाजूने तुर्कांशी, मग व्हेनिससाठी क्रीटच्या तटावर. ज्याचा नगारा वाजेल त्याच्यामागे जायचं, असा तो धंदा. जखमा एका ओळीत, बढत्या दुसऱ्या ओळीत. स्वीडनने बळकावलेलं स्कोने परत घ्यायला स्वतःच्या राजाने बोलावलं, तेव्हा कुठे हा माणूस पहिल्यांदा डेन्मार्कसाठी लढला. बाईंचं बोट होतं ते याच मोहिमेवर.

'त्या दिवशी नदी ओलांडायचा उतार राखायला माझ्या हुकमाने तीस माणसं गेली. त्यांचा नायक माझा मुलगा डेटलेव होता. तीस माणसं थोडी पडतील, हे मला कळायला हवं होतं. कोणी परत आलं नाही. दोष माझा आहे.'

लाउरिट्सना अवघडल्यासारखं झालं. बारा वर्षं ते या गावात होते आणि बारा वर्षं हे नवराबायको दर रविवारी एकाच बाकावर, मध्ये दोन माणसांची जागा सोडून बसत. गावाने त्याची नाना कारणं रचली होती. खरं कारण आज हातात आलं, तेही असं.

"बाईसाहेब, हे वाचायलाच हवं का? गाव त्यांना देवाखालोखाल मानतं."

"म्हणून तर वाचायचं. आणि मी घुसडलेलं नाही, त्यांनीच लिहिलंय." बाईंनी प्रार्थनेच्या पुस्तकातून एक चिठ्ठी काढली. घडीवर ती विरली होती. "हीसुद्धा वाचा. डेटलेवच्या कोटात सापडली. त्या दिवशी त्यांचा लेखनिक मेला होता, म्हणून स्वतःच खरडली, आणि घाईत तुमच्या डॅनिशमध्ये."

चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. 'हाल्व्हत्रेस माणसं घेऊन उतारावर जा. माझी वाट बघू नकोस.'

"हाल्व्ह म्हणजे अर्धे," बाई एकेका अक्षरावरून नख फिरवत म्हणाल्या. "त्रेस म्हणजे साठ. साठाचे अर्धे तीस. एवढं डॅनिश मलाही येतं, पाद्रीबाबा. मी ही त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि विचारलं, अक्षर कुणाचं? म्हणाले, माझं. पुढं एकवीस वर्षं त्यावर अवाक्षर नाही. मरताना तरी तोंड उघडलं म्हणायचं."

लाउरिट्सनी चष्मा खाली ओढला आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. त्यांची आई आठवडी बाजारात अंडी विकायची, विसांच्या हिशेबाने. हाल्व्हत्रेस म्हणजे साठाचे अर्धे नव्हेत. अर्धी ती तिसरी वीस. दोन विसा पुऱ्या आणि तिसरी अर्धी. अडीच विसा, पन्नास. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कोणी शिकवावं लागत नाही.

"डेटलेवला डॅनिश येत होतं?" त्यांनी विचारलं.

"कामापुरतं. स्वयंपाकघरात एक जटलंडची बाई होती, तिच्याकडून उचललेलं. आम्ही हॅम्बुर्गला राहायचो, बाप सदा परमुलखात. बाकी सगळं मी शिकवलं."

"आणि बरोबरची माणसं त्यानंच निवडली?"

"हुकूम त्याच्या हातात, मग दुसरं कोण निवडणार? का हो?"

"सहज विचारलं."

पाद्र्यांनी चिठ्ठीची घडी केली. ती नीट होईना, म्हणून पुन्हा केली. त्यांची नजर पलीकडच्या दाराकडे गेली. 'पन्नास' हा एक शब्द बोलला असता, तर या माणसाला बायको परत मिळाली असती. पण तो शब्द आधी मेलेल्या पोरावर पडला असता, आणि पोरावरून त्याला शिकवणारीवर. म्हणून त्याने तो गिळला, आणि जाताना त्यावर स्वतःच्या हाताने मातीही लोटली.

"चिठ्ठी राहू द्या," ते म्हणाले. "व्यासपीठावरून जन्मकथा वाचतात, हुकूम नाही. तशी रीत नाही."

"रीत नाही?"

"नाही."

रीतीपुढे बाईंचं कधी काही चालत नसे. त्यांनी चिठ्ठी परत पुस्तकात ठेवली.

"मग तीसवर जोर द्या," त्या म्हणाल्या.

लाउरिट्सनी दुसऱ्या दिवशी जोर दिला. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. डच, बादशहा, व्हेनिस होईपर्यंत लोक कौतुकाने माना डोलवत होते. 'तीस' आलं आणि माना थांबल्या. मागे स्कोनेतून परत आलेले दोन म्हातारे बसले होते, त्यांतला एक उठून बाहेर गेला. लाउरिट्सना त्याला हाक मारावीशी वाटली. ते पुढची ओळ वाचत राहिले.

चर्च रिकामं झाल्यावर घंटा वाजवणारा येप्पे काळं कापड गुंडाळत पुटपुटू लागला.

"तीस! पोटच्या पोराला! अन् मी खुळा गावभर सांगत हिंडतोय, जनरलसारखा धोरणी माणूस राज्यात नाही. आमची थोरली बहीण म्हणायचीच, बाहेरच्या कीर्तीवर जाऊ नये."

"येप्पे, बाहेर जाऊन घोडागाडी आली का बघ."

"मी आपलं ऐकलं ते बोललो, पाद्रीबाबा. वाचलंत तुम्हीच."

तो गेला. बाई पहिल्या बाकावर बसूनच होत्या. लाउरिट्स जवळ गेले तशा त्या म्हणाल्या, "तीसला तुम्ही वाचलात तो शब्द वेगळा होता. त्रेदिव्ह. चिठ्ठीत हाल्व्हत्रेस आहे."

जनरलच्या थडग्यावरची फरशी अजून नीट बसवलेली नव्हती. लाउरिट्स तिच्याकडे बघत म्हणाले, "एकच ते, बाईसाहेब. एक शहरी, एक गावंढळ. आम्हा जटलंडच्या लोकांकडे एका आकड्याला दोन दोन नावं असतात."

खोटं बोलायची सवय नसल्याने त्यांचे कान तापले. बाईंना ते दिसलं नाही. त्या हातमोजे चढवत होत्या, एकेक बोट ओढून नीट बसवत.

"मला वाटायचं, हा माणूस कधी कबूल करणार नाही," त्या म्हणाल्या. "आज साऱ्या गावासमोर केलं. आता माझं काही म्हणणं उरलं नाही. मी गेले की मला त्यांच्या शेजारीच ठेवा. मध्ये जागा सोडू नका."

"नाही सोडणार."

त्या उठल्या. लाउरिट्सनी पुढे केलेला हात त्यांनी धरला. दाराशी पोचल्यावर त्या थांबल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा मोकळा झाला.

"तीस थोडे आहेत, हे डेटलेवला कळलं असणार बरं का. हिशेबात तो कधी चुकला नाही, आकडे मी स्वतः शिकवले होते त्याला. कळत होतं, तरी गेला. बापाचा शब्द मोडवेना."

"हुशार होता," लाउरिट्स म्हणाले, आणि त्यांनी दार उघडून धरलं.