नजरेआड

"अजून अर्धी बाटली पी, बाळ," सिस्टर म्हणाल्या आणि बोटांनी अर्ध्याची खूण केली. समोरच्या धावपटू मुलीला भाषा कळत नव्हती, खूण तेवढी कळली. दोन घोट घेऊन तिने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

सकाळी बेचाळीस किलोमीटर धावून ती सदतिसावी आली होती. पदकाशी तिचा काडीचा संबंध नव्हता, पण उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीसाठी चिठ्ठी नेमकी तिच्या नंबराची निघाली. अंतिम रेषेपाशीच सिस्टरांनी तिला गाठलं, कागदावर सही घेतली आणि तेव्हापासून त्या तिच्या पाठोपाठ होत्या. लघवीचा नमुना मिळेपर्यंत खेळाडू क्षणभरही नजरेआड होता कामा नये, असा नियम होता. तीन तास होत आले होते.

सिस्टर सरकारी दवाखान्यातल्या, बाळंतिणींच्या वॉर्डात बत्तीस वर्षं काढलेल्या. जगभरातले खेळाडू येणार, म्हणून पंधरा दिवसांसाठी त्यांना इकडे पाठवलं, तेव्हा त्यांच्या मुलीने शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं, "आमची आई खेळांना चाललीय!" आज तेरावा दिवस होता आणि आईने एकही खेळ पाहिला नव्हता. खिडकी नसलेल्या दोन खोल्या, पाण्याच्या बाटल्यांचा फ्रीज, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि संडास, एवढंच वाट्याला आलं होतं. बाहेर गर्दी ओरडली की भिंत थरथरायची. कोण जिंकलं ते घरी गेल्यावर नवरा सांगायचा.

"काय सिस्टर, मुक्काम का आज?" टेबलामागच्या साहेबांनी जांभई देत विचारलं.

"माझ्यानं भागत असतं तर मीच दिला असता नमुना, साहेब."

साहेब हसले. तेवढ्यात मुलगी उठली. उठताना तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली, ते सिस्टरांनी पाहिलं.

संडासात नियमाप्रमाणे त्या समोर उभ्या राहिल्या. नमुन्याची बाटली भरली, पण लालसर. पाळी आली असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग मुलगी पोट धरून वाकली आणि खाली पडलेलं त्यांना दिसलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर ते काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी स्वतःच्या पोटाला हात लावून भुवया उंचावल्या. मुलीने दोन बोटं वर केली. दोन महिने. म्हणजे तिला माहीत होतं. मग तिने छातीवरचं देशाचं चिन्ह मुठीत धरलं, दाराकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

सिस्टर तिच्यापाशी फरशीवर बसल्या. गुडघे करकरले. मुलगी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून रडू लागली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून दात आवळून.

हे असं रडणं त्यांच्या ओळखीचं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी वॉर्डातल्याच संडासात, ड्यूटीवर असताना, त्यांचंही पोटातलं असंच गेलं होतं. त्यांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. नवरा दूर पुलाच्या कामावर, शनिवारी यायचा. या शनिवारी सांगू म्हणता म्हणता सांगण्यासारखं काही उरलंच नाही. त्यांनी तोंड धुतलं होतं, कपडे बदलले होते आणि चार वाजता सगळ्या बायकांचा ताप मोजला होता.

"सिस्टर, झालं का?" बाहेरून साहेबांची हाक आली.

"आलोच दोघी!"

सिस्टरांनी पर्समधला पॅड तिला दिला, तोंड पुसून दिलं. बाटली खेळाडूनेच सील करायची असते. मुलीने ती केली.

"रक्त दिसतंय यात," साहेब म्हणाले.

"बायकांचं आहे, साहेब. तेवढंच लिहा."

साहेबांनी पटकन मान कागदात घातली.

शेजारच्या वैद्यकीय खोलीतल्या डॉक्टरीणबाईंना सिस्टरांनी बाजूला घेतलं. "पथकात कुणाला कळू नये म्हणतेय."

"तिनं नाही सांगितलं, तर मी कोण सांगणारी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मागच्या दाराशी गाडी मागवली.

गाडीत बसल्यावर मुलीने सिस्टरांचा हात सोडला नाही.

"तुमची ड्यूटी संपली की, सिस्टर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात तरी चालेल."

"संपली खरी," म्हणत सिस्टर गाडीत चढल्या.

मुलीला दवाखान्यातल्या वॉर्डात झोपवून, ती झोपल्याची खात्री करून त्या घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. नवरा टीव्हीसमोर बसला होता.

"अगं, कोण जिंकलं माहितीये का? शेवटच्या वळणावर काय सुटली ती बाई!"

"अहो, जरा बंद करा ते."

"का? बरं नाही का वाटत?"

"तुम्ही पुलाच्या कामावर होतात बघा, सव्वीस वर्षं झाली. तेव्हाचं एक सांगायचं राहिलंय."

नवऱ्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टीव्ही बंद केला आणि सरकून शेजारी जागा केली. सिस्टर टेकल्या. मग त्या बोलू लागल्या. चपला अजून पायातच होत्या.