नमुन्याची तबकडी

हिदेआकीने तबकडी दोन्ही तळहातांच्या कडांवर पेलली आणि खिडकीकडे तिरकी धरली. जर्सी सिटीतलं रविवार दुपारचं ऊन तिच्यावरून सरकलं. त्याने ती थोडी फिरवली आणि पुन्हा तिरकी केली.

"ठीक आहे ना?" सुमित्राबाईंनी मराठीतच विचारलं. हा जपानचा, बुद्धाच्या वाटेवरच्या देशातला माणूस, तेव्हा आपलं बोलणं त्याला समजेलच, असं त्यांनी नागपूरहून आल्या दिवसापासून धरलं होतं. शिवाय तो खोटं बोलणार नाही, हेही.

हिदेआकी उपासनाकडे वळला. "किती वेळा वाजवलीय ही?"

उपासनाने आईला विचारलं.

"दरवर्षी चौदा ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी. मग तुझ्या बाबांच्या स्मृतिदिनाला. कोणी पाहुणा आला तर. आणि पाच वर्षांची असताना तुला टायफॉइड झाला होता, तेव्हा रोज तीनतीनदा. त्याशिवाय झोपतच नव्हतीस तू."

उपासनाने इंग्रजीत सांगताना टायफॉइड गाळला.

भानुदास वासनिक नागपूरच्या गिरणीत होते आणि संध्याकाळी गायन पार्टीत गात. अडुसष्ट साली मुंबईच्या एका कंपनीने त्यांचं एक गाणं रेकॉर्ड केलं आणि ऐकून बघायला ही नमुन्याची तबकडी दिली. खरी रेकॉर्ड नंतर निघायची होती. दोन महिन्यांत ते गेले आणि रेकॉर्ड राहिलीच. उपासना तेव्हा वर्षाची होती. बाबांचा एक फोटो घरात होता, त्यात त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं.

तबकडीवर उपासनाला कधी काही ऐकू आलेलं आठवत नव्हतं. नुसती खरखर. लहानपणी तिला वाटे, आपल्याच कानांत काही कमी आहे. चौदा ऑक्टोबरला घर भरलेलं असे, आई डोळे मिटून बसे, शेजारच्या काकू पदर डोळ्यांना लावत. मग तीही मान हलवायची. अठ्ठावीस वर्षांची झाली, मॅनहॅटनच्या बँकेत कंप्युटरवर बसू लागली, तरी हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या बापाचा आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, हे सांगणार तरी कोणाला?

हिदेआकी उपासनाच्या खालच्या मजल्यावर, या खोलीत राहायचा. त्याचे ड्रम तिच्या जमिनीतून वर येत, म्हणून ती एकदा भांडायला गेली आणि दोन तास ऐकत बसली. योकोहामाहून आला तेव्हा तो इथल्या रेकॉर्डच्या दुकानात झाडू मारत असे. क्लबांमध्ये लोक त्याला तोंडावर विचारत, हिप हॉपशी तुझा काय संबंध? तो पुढची रेकॉर्ड लावी. दहा वर्षांत विचारणारेच त्याच्याकडून ड्रमचे ठेके करून घेऊ लागले. कोणी न घेतलेल्या रेकॉर्डमधून तो एखादा ठोका, एखादं खाकरणं उचलायचा आणि त्यावर अख्खं गाणं उभं करायचा. कोणाला बाबांचा आवाज सापडेल तर यालाच, असं उपासनाने मनाशी पक्कं केलं होतं. आईला तिने सांगितलं होतं, फक्त टेपवर कॉपी करून घेऊ.

"नमुन्याच्या तबकडीवरचा थर मऊ असतो," तो म्हणाला. "सुई दर वेळी थोडा आवाज खरवडून नेते. वीस-पंचवीस वेळा वाजते, बास."

टायफॉइड एकवीस दिवस चालला होता. उपासनाने मनात गुणाकार केला. त्रेसष्ट.

त्याने टेप सुरू केली आणि सर्वांत हलकी सुई टेकवली. खरखर आली. तीच, जन्मभराची. सुरुवातीला दोन टिचक्या, मग एकसारखी खरखर. सुमित्राबाईंनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर ठेका धरू लागलं. मध्येच एका जागी ते उचललं गेलं, हवेत थांबलं आणि पुन्हा खाली आलं. हिदेआकी मशीनच्या आवाज मोजणाऱ्या काट्यांकडे बघत होता. मग तो बोटाकडे बघू लागला.

"किती स्वच्छ ऐकू येतं इथे," सुमित्राबाई म्हणाल्या.

"आई, तूच म्हण ना एकदा. टेप चालूच आहे."

"ते गात असताना मी मध्ये कशाला गाऊ?"

सुई उचलल्यावर हिदेआकीने विचारलं, "त्या बोट उचलतात, तिथे काय आहे?"

"तिथे ते श्वास घेतात," उपासनाने विचारल्यावर सुमित्राबाईंनी सांगितलं. "लांब श्वास. गिरणीतल्या कापसाने छाती धरली होती ना. मग पुढची ओळ वरच्या सुरात उचलतात."

त्याने उठून तबकडी कापडात गुंडाळली आणि पुन्हा वाजवू नका, म्हणाला.

सुमित्राबाई जिना चढायला लागल्या तेव्हा त्याने उपासनाला मागे थांबवलं. "त्यावर काही उरलेलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. हे ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली, आणि तिला रडू फुटलं. "आईला सांगशील?"

"काय सांगू? मला ऐकू आलं नाही, एवढंच मी सांगू शकतो."

त्याने सांगितलं नाही. तिनेही नाही. आई नागपूरला परतली आणि वसंतात हिदेआकीने जागा सोडली.

पुढच्या वर्षी त्याच्या नावाची पहिली सीडी निघाली, तेव्हा तो युरोपात वाजवत फिरत होता. पार्सल आलं ते ऑक्टोबरात. आई पुन्हा आली होती, तबकडी मात्र नागपूरच्या कपाटात ठेवून. सीडीवरच्या सातव्या गाण्याचं नाव होतं 'भानुदास' आणि खाली छापलं होतं: आवाज, भानुदास वासनिक, नागपूर. उपासनाने ते दोनदा वाचलं. नसलेल्या आवाजाला नाव दिलेलं बघून तिला कसंसंच झालं. पण चौदा तारखेला घरात लावायला दुसरं काही नव्हतं.

सकाळी वंदना झाली. फोटोपुढच्या मेणबत्त्या जळत होत्या. तिने सीडी लावली.

दोन टिचक्या, मग खरखर. मग तिच्याखालून एक हलका ड्रम आला, आईच्या बोटाच्याच चालीने. बाकी काही नाही. सुमित्राबाईंचं बोट गुडघ्यावर चालू झालं. श्वासाच्या जागी ते उचललं गेलं.

ड्रम थांबला.

नुसती खरखर राहिली. सुमित्राबाईंनी डोळे उघडले. बोट हवेतच होतं. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"गात नाहीत," त्या हळूच म्हणाल्या.

उपासना बंद करायला उठली. आईने हाताने तिला खाली बसवलं. मग छाती धरलेल्या माणसासारखा एक लांब श्वास घेतला आणि वरच्या सुरात ओळ उचलली. त्याच क्षणी ड्रम परत आला.

आवाज बायकी होता, थोडा फाटका. उपासना हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. ओळ संपली, आई श्वासाला थांबली, आणि तापातल्या त्या रात्रींतली पुढची ओळ तिच्याआधी उपासनाच्याच ओठांवर आली.