हे ताट कोणी खाल्लं?

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना सगळे पाठीमागे 'मोजमापबाई' म्हणत आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. वाटी-चमच्याने मोजून कुणी काय, किती खायचं ते सांगणं हेच त्यांचं काम; मग राग कसला मानायचा? त्या सोमवारीही त्या सकाळीच संगणकापुढे बसल्या. घरी असलेले पेशंट जेवणाच्या वेळी ताटाचा फोटो आणि साखरेचा आकडा मोबाइलवरून पाठवत. ताट सांगितल्याप्रमाणे असलं की नावापुढे हिरवी खूण उमटे. बहुतेकांची अधूनमधून लाल व्हायची. एकीची मात्र पाच आठवडे सलग हिरवी होती.

ती सातव्या महिन्यातली पहिलटकरीण. गरोदरपणात साखर वाढलेली, म्हणून जेवणाआधी इन्सुलिन. साडेबाराला टोचायचं आणि लगेच जेवायचं, एवढंच पथ्य. फोटो साडेबाराच्या ठोक्याला येई. त्यात भाजी, कडधान्य, उकडलेलं अंडं, मोजका भात, सगळं जिथल्या तिथे. नवराही हौशी. मोबाइल आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यानेच आणून दिला होता. डॉक्टरांच्या बैठकीत बाईंनी ते ताट पडद्यावर दाखवून मिरवलं. "सगळे असे निघाले तर माझी नोकरी जाईल," त्या म्हणाल्या आणि सगळे हसले.

तिचं वजन वाढत नव्हतं आणि दुपारी दोनला साखर अधूनमधून फार उतरत होती. बाईंनी एकदा फोन केला, तो सासूने उचलला. "जेवते हो मॅडम. आमच्याकडे खाण्यापिण्याला काही कमी नाही." बाईंनी हिरव्या खुणांकडे पाहिलं, डॉक्टरांना सांगून इन्सुलिन थोडं कमी केलं आणि विषय संपवला.

बुधवारी दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. साखर इतकी उतरली होती की शुद्धच नव्हती आणि पडताना पोट ओट्याच्या कडेवर आदळलं होतं. ती वाचली. बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी बाई तिच्या खाटेजवळ गेल्या.

"काय झालं गं? इंजेक्शन घेतल्यावर जेवली नाहीस का?"

"जेवणार होते ताई. पण ह्यांचं आणि मामंजींचं व्हायचं होतं."

"अगं, मग तो फोटो?"

"फोटो खरा होता. तुम्ही सांगितलेलं सगळं मीच वाढायचे, मोजून. फोटो काढला की ते ताट ह्यांच्यापुढे ठेवायचे. पुरुषांची जेवणं झाली की उरेल ते आम्ही दोघी खायचो. कधी अडीच व्हायचे, कधी तीन. इंजेक्शन मात्र एकदाही चुकवलं नाही. तुम्ही बजावलं होतं ना, वेळ पाळायची."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ताटात काय आहे ते विचारत होतात. ते मी सांगतच होते."

पाच आठवडे बाईंनी ताट पाहिलं होतं, ताटामागची पोर पाहिलीच नव्हती.

दारात नवरा उभा होता. "म्हणजे ते अंडं... मी खात होतो?" तो म्हणाला. "मला वाटायचं, माझ्यासाठी करतेस." तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून सासू म्हणाली, "मी चारही बाळंतपणं अशीच काढली मॅडम, शेवटी जेवून." मग बोटं मोजत, "त्यातली दोन जगली." ही दोन वाक्यं तिने आजवर कधी शेजारी शेजारी ठेवली नसावीत. ती पदरात तोंड लपवून हमसू लागली.

तेवढ्यात वॉर्डातलं जेवण आलं. सुनेने ताट घेतलं आणि सवयीने नवऱ्याकडे सरकवलं.

"कालपासून उपाशी आहात. आधी तुम्ही जेवा."

नवऱ्याने हात मागे घेतले. सून सासूकडे बघत राहिली. परवानगीशिवाय घास तोंडात घालायची तिला सवयच नव्हती. शेवटी सासू उठली, घास करून तिच्या तोंडाशी नेला. "जेव गं. माझी शपथ आहे, आधी तू जेव." ती रडत रडत जेवली आणि ताट रिकामं होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

खोलीत परतल्यावर बाईंनी मोबाइलवरच्या ॲपमध्ये एक प्रश्न घालून घेतला. ताटाच्या फोटोखाली आता विचारलं जाणार होतं: हे ताट कोणी खाल्लं, आणि किती वाजता?

प्रश्न एकशे बारा घरांत गेला. पुरुष पेशंटांनी तासाभरात उत्तरं धाडली. बायकांपैकी एकेचाळीस जणींनी दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच कळवलं नाही. एकेचाळीसही जणींच्या खुणा हिरव्याच होत्या.

बाईंनी ती यादी कागदावर उतरवली, पर्स खांद्याला लावली आणि पहिल्या घराकडे निघाल्या. घड्याळात बारा वाजले होते. जेवायच्या वेळेलाच तिथे पोचायचं होतं.