ड्रोन खाली आणला तेव्हा

स्क्रीनवर पुंजाजी बोटाच्या पेराएवढा दिसत होता. मागच्या अंगणातून निघून गोठ्याला वळसा घालत तो पुढच्या बाजूला येत होता आणि त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

प्रसेनजित हिवाळे रस्त्यापलीकडे रिमोट धरून उभा होता. समोर फाटकाशी पुंजाजीचा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर ड्रोनकडे पाहत हसत होता, कारण प्रसेनजितनेच त्याला तसं उभं केलं होतं. घर विकायचं तर मालक हसरा दिसावा. मोताळ्यात प्रसेनजितचा फोटो स्टुडिओ. लग्नाची कामं कमी झाली तेव्हा त्याने ड्रोन घेतला, आणि बुलढाण्याचा एक दलाल त्याला घरांची कामं देऊ लागला. वरून घर, शिवार, हमरस्ता, सगळं एका फेरीत दाखवलं की पुण्याचं गिऱ्हाईक फोनवरच भुलायचं.

वडनेर भोलजीचं हे घर वाटणीत अर्धंअर्धं झालेलं. रस्त्याकडची बाजू ज्ञानेश्वरची. तो पुण्याला कंपनीत होता आणि त्याला ती विकून तिकडे फ्लॅट घ्यायचा होता. मागच्या बाजूला आईला घेऊन पुंजाजी राहायचा. सकाळीच तो प्रसेनजितच्या अंगावर आला होता.

"माह्या बापाचं घर बाजारात मांडून राह्यला का तू?"

"भाऊ, मले काम सांगतलं, मी करून राह्यलो. तुमची बाजू नाही घेत."

"वरून कायची बाजू दिसते बे?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वरून एकच छप्पर दिसत होतं.

"ज्ञानेश्वरभाऊ, मांगं पाहा," प्रसेनजित ओरडला. मधून ट्रक गेला. ज्ञानेश्वरला वाटलं, तो उभं राहायची पद्धत बदलायला सांगतोय. तो वळेपर्यंत पहिला घाव खांद्यावर बसला होता. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला. फरशीवर लाल पसरत गेलं. पुंजाजीने त्याच्या बरगड्यांवर पाय देऊन कुऱ्हाड उपसली आणि पुन्हा डोक्यावर उगारली.

मधे अख्खा हमरस्ता होता. पळत जाऊन पोचणं शक्य नव्हतं. प्रसेनजितने दोन्ही अंगठ्यांनी ड्रोन खाली दाबला, सरळ पुंजाजीच्या तोंडावर.

पाती कपाळात, भुवईत, डोळ्यात घुसली. स्क्रीन काळी झाली. कुऱ्हाड हातातून गळाली आणि पुंजाजी चेहरा धरून गुरासारखा हंबरला.

म्हातारी वच्छलाबाई बाहेर आली. दोन मुलं, दोघंही रक्तात. कोणाकडे आधी जावं ते न कळून ती दोघांच्या मधेच खाली बसली. प्रसेनजितने शर्ट काढून ज्ञानेश्वरच्या खांद्याच्या जखमेत कोंबला, एका टेम्पोला आडवा झाला आणि दोघांना एकाच टेम्पोत घालून मलकापूरला नेलं. वाटभर ज्ञानेश्वरने त्याचं मनगट सोडलं नाही.

"मले सोडू नको," तो म्हणत होता. "मले सोडू नको."

ज्ञानेश्वर वाचला. पुंजाजीचा डावा डोळा गेला. दवाखान्यातच भाऊबंदांची बैठक बसली. थोरला तुरुंगात गेला तर शेत कोण पाहणार, गावात तोंड कसं दाखवणार. ड्रोनचे तुकडे, आतल्या चित्रणाच्या कार्डासकट, कोणीतरी तोवर विहिरीत टाकले होते. ज्ञानेश्वरने जबाब दिला की, पत्र्यावर पडून माझा खांदा कापला आणि ड्रोनवाल्याच्या बेफिकिरीने भावाचा डोळा गेला.

मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी पाचसहा जण प्रसेनजितच्या दुकानात शिरले. काउंटरची काच फोडली, कॅमेरे आपटले, मग त्याला बाहेर ओढून लाइटच्या लोखंडी स्टँडने मारलं. "आमच्या माणसाच्या अंगावर मशीन घालतं? तुह्या वस्तीत चालव ते." त्याची बायको दीपमाला मधे पडली, तिच्या कोपरावर फटका बसला. प्रसेनजितच्या उजव्या हाताची बोटं मोडली तेव्हा त्यालाच त्याचा आवाज ऐकू आला. बाजार थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

पुढच्या आठवड्यात त्याला ठाण्यात बोलावलं. बाकावर ज्ञानेश्वर बसला होता, हात गळ्यात बांधलेला, नजर खाली.

जमादार समजुतीने बोलला. "हिवाळे, मिटवून टाका. मशीन बिघडलं, हातातून सुटलं, एवढं म्हणा. ते तक्रार मांगं घेतात, तुमच्या दुकानाचं पाहतात. कोणाचंच काही राहत नाही."

"म्हणून टाका ना," दीपमाला हळू म्हणाली. "घर चालवाचं आहे आपल्याले."

प्रसेनजित प्लास्टरमधल्या हाताकडे पाहत बसला. सुटलं म्हटलं की कुऱ्हाडही नव्हती. ज्ञानेश्वर पत्र्यावर पडला आणि ड्रोन आपोआप कोसळला. मग त्याने त्या दिवशी काहीच केलं नव्हतं.

"सुटलं नाही, साहेब. मी आणलं खाली. याच्या भावाच्या तोंडावरच आणलं. दुसरा घाव बसला असता तं हा इथं बसला नसता. तसंच लिहा."

"गुन्हा कबूल करून राह्यले तुम्ही."

"हाव."

जमादाराने ज्ञानेश्वरकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

ज्ञानेश्वरचे ओठ हलले. मान वर न करता तो म्हणाला, "मले काही आठवत नाही."

प्रसेनजितवर खटला उभा राहिला, अजून चालू आहे. दलालाचा फोन यायचा बंद झाला. प्रसेनजित उसन्या कॅमेऱ्यावर पासपोर्ट फोटो काढू लागला.

एका दुपारी वच्छलाबाई दुकानाची पायरी चढून आली. वडनेरहून एसटी बदलत आली होती. तिकडे फोटोवाले नव्हते असं नाही.

"फोटो काढाचा व्हता," ती म्हणाली.

त्याने तिला स्टुलावर बसवलं. दीपमाला आतून पाणी घेऊन आली, ग्लास ठेवून आत गेली. म्हातारी जमिनीकडे पाहत बोलायला लागली.

"लहाना पुण्याले गेला. घर काही इकलं नाही. दिवाळीले आला व्हता. मोठ्याले डाव्या अंगाचं दिसत नाही, तं ताट उजवीकडं सरकून द्या लागते." ती थांबली. "लहाना सरकून देत व्हता. दोघंबी जेवले, बाबू. एका पंगतीत."

प्रसेनजितने कॅमेरा डोळ्याला लावला.

"आई, इकडं पाहा."

फ्लॅश उडाला. त्याने फोटो पाहिला.

"डोळे मिटले तुम्ही. अजून एक काढतो."

तिने पदराने चेहरा पुसला आणि मान वर धरली.