काळी चारचं गाणं

राजदीपच्या घरी जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलींना पाळण्यात घातलं तेव्हाच त्याच्या वडिलांना, श्रीहरीबाबांना, धाप लागत होती. पाऊस सरता सरता ती इतकी वाढली, की चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं.

बाबा कुठले ऐकतात! वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, संपला की सावली गावच्या बुद्धविहारात खीरदान व्हायचं, आणि त्यानंतर बाबांनी स्वतः रचलेलं गाणं. तेही काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून. ज्वानीपासून तीच पट्टी.

"बाबा, यंदा काळी तीन घेऊ," राजदीपची बहीण संघप्रिया म्हणाली. ती गिटारवर साथ करायची. "मी तारांवरचा चिमटा, कॅपो, सरकवीन, कुलदीपभाऊ पेटी सांभाळतीन. कोणाले समजणार नाई."

"मले समजीन ना!" बाबा उसळले. "पट्टी उतरली म्हणजे गवई उतरला. अन् आणखी ऐक. माझ्या गाण्यात एकच कॉर्ड. एकतारीवानी. बदलवली, तर तुले पुन्हा सोबत नेणार नाई."

पेटीवाला कुलदीप हसला. "मंग सहा तारा कायले, श्रीहरीभाऊ? पाच काढून टाकू का?"

"आधी तुझ्या भात्याची हवा काढीन!"

संघप्रियाला हसू आलं नाही. कॉर्ड म्हणजे तीन सुरांचं घर. बाबांच्या त्या एकाच कॉर्डमध्ये सा, ग आणि प राहतात. गाण्याच्या शेवटी सूर प वरून चढत वरच्या सा पर्यंत जायचा आणि तिथे लांब थांबायचा. दम वाटेतच तुटला, तर बाबा ध वर अटकतील, आणि ध ला त्या घरात जागा नाही. भरल्या विहारात बेसूर झाले, तर ते पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

दुपारी खीर वाटून झाली. बाबा उभे राहिले.

"आवाज आहे ना, भाऊ, का खिरीसंग गिळला?" पुढे बसलेली अंजनाबाई म्हणाली. लोक हसले.

दोन अंतरे निभले. तिसऱ्यात बाबा चढू लागले. प. मग ध. मानेच्या शिरा फुगल्या. कुलदीपची पेटी वरच्या सा वर जाऊन पोचली होती. बाबा ध वरच राहिले. सूर थरथरू लागला. कोणीतरी शेजाऱ्याला कोपर मारलं.

म, ध, सा. दुसरं घर. त्यात बाबांचा ध मावतो, पेटीचा सा पण मावतो. बाबांची ताकीद संघप्रियाच्या कानात होती. तिची बोटं सरकली.

अधांतरी लटकलेला ध खाली टेकला. बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि हळूच प वर उतरले. तीही पहिल्या कॉर्डवर परतली.

"साधू, साधू, साधू!" विहार बोलला.

"हे नवीन केलं जी यंदा," अंजनाबाई म्हणाली.

बाहेर चपला घालताना बाबांनी विचारलं, "कॉर्ड बदलवली ना तू?"

"हो. तुमी ध वर थांबले म्हणून."

"थांबलो नाई, अटकलो." ते भिंतीला धरून उभे राहिले. बराच वेळ धापा टाकत होते. मग म्हणाले, "पुढच्या बारीले जराशी आधी बदलव."

पुढची बारी आली नाही. पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीहरीबाबा सावलीतल्या राहत्या घरी वारले.